चार कॉलचं विमान

इन्स्पेक्टर साडेनऊला यायचा होता, आणि नऊला दहा कमी असताना मिस्त्रींना कळलं की विमानाची बॅटरी ठार मेली आहे.

"शेडमधला बॅटरीवरचा दिवा कालपासून कुणी चालू ठेवला होता?" ऑपरेटरबाईंनी स्वयंपाकघराच्या खिडकीतून विचारलं. उत्तर त्यांना ठाऊक होतं. पण विचारण्यातही एक सुख असतं.

"ते आता उकरून काढू नकोस गं. केस विंचर, माणूस येईल इतक्यात."

बाई आरशापुढे गेल्या आणि मिस्त्री कामाला लागले. विमानाचं इंजिन गार ठेवायला पाणी फिरवणारा पंप विजेवर चालणारा होता, आणि वीज घरातही होतीच की! चार्जर काढला, लांब वायर खिडकीतून आत घेतली, बोळकंडीतल्या पडद्यामागून नेऊन जुन्या बोर्डात खोचली. बोर्डावरचा लाल दिवा लागला, शेडमध्ये पंप गुणगुणायला लागला. हे बाईंना सांगायचं मात्र राहून गेलं. चौतीस वर्षांच्या संसारात राहून गेलेल्या गोष्टींत आणखी एकीची भर.

मिस्त्रींचा जन्म गाड्या दुरुस्त करण्यात गेला आणि बाईंचा टेलिफोन एक्स्चेंजमध्ये. निवृत्त झाल्यावर लोक झाडं लावतात. मिस्त्रींनी विमान लावलं. दोन माणसांचं, हलकं, नऊ वर्षं शेडमध्ये वाढणारं. त्याच्या नाकात बसवलेलं रोटरी इंजिन त्यांच्याच जुन्या गाडीतलं होतं. त्यात पिस्टन वर-खाली करत नाहीत, एक तिकोनी रोटर आतल्या आत गोल घुमतो. मिस्त्रींच्या मते जगातलं सर्वांत समंजस इंजिन ते हेच.

आता फक्त उडण्याच्या परवानगीची सही हवी होती. आधीच्या दोन खेपांना पट्ट्यावर चालणाऱ्या पंपाने ऐन वेळी दगा दिला होता. पट्टा तुटला, पाणी थांबलं, इन्स्पेक्टर परत गेला. ही तिसरी आणि शेवटची खेप. आज सही झाली नाही, तर फाईल कायमची बंद.

इन्स्पेक्टर आला. वयाने त्यांच्या मुलीएवढाच, वागायला गोड, पण कागदाला पक्का.

"पट्टा काढून टाकलात, काका, छान केलंत. पण हा विजेचा पंप हवेत बंद पडला तर?"

"पडणारच नाही."

"असं लिहिता येत नाही. रकान्यात आकडा लागतो. पाणी थांबल्यावर इंजिन किती मिनिटं टिकेल? किमान दहा हवीत, तेवढ्यात माणूस खाली उतरतो."

"जास्तच टिकेल की."

"मोजलंय का कधी?"

"चालत्या इंजिनाचं पाणी तोडायचं? अहो, पोटच्या पोराला कुणी उपाशी ठेवून बघतं का?"

इन्स्पेक्टरने रकाना कोरा ठेवला. बाई चहा टाकायला आत वळल्या, पण त्यांचं लक्ष त्या कोऱ्या रकान्यातच अडकलं होतं.

इंजिन सुरू झालं. वीस मिनिटं अर्ध्या जोरावर चालवून दाखवायचं होतं. घराच्या खिडक्या थरथरायला लागल्या, फळीवरचे डबे एकमेकांशी बोलायला लागले. साखर आणायला बाई बोळकंडीतून निघाल्या, तर बोर्डावर लाल दिवा. भर दिवसा, कशासाठी कोण जाणे!

आता एक्स्चेंजमध्ये अठ्ठावीस वर्षं काढलेल्या बाईला काम संपलेला दिवा जळताना दिसला, की डोकं विचार करायच्या आत हात पोचतो. हात पोचला. बटण खाली. आणि एक्स्चेंजच्याच सवयीने नजर भिंतीवरच्या घड्याळाकडे. नऊ बावन्न.

शेडमध्ये काटा चढायला लागला.

"काका, तापतंय."

"तापू द्या. सकाळचा गारवा आहे, अंग मोकळं करतंय."

"पंप चालू आहे ना?"

"ऐकू येतोय की मला!" मिस्त्री ओरडले. त्या गडगडाटात त्यांना स्वतःचा आवाजही ऐकू येत नव्हता.

काटा लाल रेघेवर गेला.

"काका, बंद करा!"

"पाचच मिनिटं!"

"काका!"

शेवटी नळीनेच निर्णय घेतला. फाट्‌ करून ती निसटली, वाफेचा लोट छपराला लागला, आणि उरलेलं पाणी इन्स्पेक्टरच्या फाईलवर आलं. चष्मा धुकटलेला, तरी त्याने सवयीने घड्याळ पाहिलं. मिस्त्रींनी इंजिन बंद केलं. तोवर ते आपलं बिनतक्रार घुमतच होतं.

बाई ट्रे घेऊन दारात आल्या. मिस्त्री उपड्या खोक्यावर बसले होते. ती जुनी गाडी चढावर तापली, की शाळेच्या नळाशेजारच्या मैलाच्या दगडावर असेच बसायचे. पट्टा तेव्हाही तुटायचा. मग इंजिन निवेपर्यंत दोघं त्या दगडावर. लेकीचं नाव तिथेच ठरलं, हे घर घ्यायचंही तिथेच ठरलं, आणि एकदा माहेरी निघून जायचंसुद्धा तिथेच ठरलं होतं. पण तेवढ्यात इंजिन निवलं.

"पंपच थांबला गं," मिस्त्री म्हणाले. "माझाच पंप."

बाईंनी पंपाकडे पाहिलं. पंपाच्या वायरकडे पाहिलं. वायर खिडकीतून घरात शिरलेली पाहिली. गप्प राहिलं तर पंपावर खापर फुटणार. बोललं तर स्वतःवर.

"पंपाला नाव ठेवू नका," त्या म्हणाल्या. "मी बंद केला. नऊ बावन्नला."

मिस्त्री खोक्यावरून उठून उभे राहिले.

"बावन्नला? नक्की, काकू?" इन्स्पेक्टर चष्मा पुसायचा थांबला.

"अठ्ठावीस वर्षं परगावचे ट्रंककॉल मोजलेत मी. तीन मिनिटांचा एक; संपला की विचारायचं, वाढवायचा का."

"नळी निसटली दहा वाजून चार मिनिटांनी."

"म्हणजे चार कॉल," बाई सहज म्हणाल्या. "गाडीतही चारच व्हायचे. पट्टा तुटल्यापासून शाळेच्या नळापर्यंत. मी दरवेळी मोजायची."

"मला कधी बोलली नाहीस ते?"

"तुम्ही कधी विचारलंत?"

इन्स्पेक्टरने भिजलेली फाईल मांडीवर झटकली आणि कोऱ्या रकान्यात आकडा लिहिला. बारा. मग पुढच्या रकान्याशी अडला. "पंप बंद करून चाचणी कोणी घेतली, असं आहे इथे. काय लिहू? गृहिणी?"

"निवृत्त ऑपरेटर लिहा," बाई म्हणाल्या.

सही झाली. खाली अट होती: दुसरा पंप, वेगळ्या बॅटरीवर; आणि दोन्ही बटणं विमानातच, घरात एकही नको.

पंधरा दिवसांनी दोन्ही पंप लागले. दुपारी इंजिन चालवून मिस्त्रींनी बंद केलं, शेड शांत झाली, पण पंप गुणगुणतच राहिले. आत कोंडलेली उष्णता काढायला ते नंतरही थोडा वेळ चालवावे लागतात. विमानात दोन लाल दिवे जळत होते. बाई डोकावल्या, हात पुढे गेला, आणि वाटेतच थांबला.

"किती वेळ लागेल निवायला?"

"पाचेक कॉल," मिस्त्री म्हणाले आणि खोक्यावर सरकून त्यांनी जागा केली.

भिंतीवरची ट्यूबलाइट उगाच जळत होती. बाईंनी आधी ती बंद केली, मग बसल्या. मिस्त्रींनी बोलायला सुरुवात केली: पहिल्यांदा कुठे उडायचं, दुसऱ्या जागेवर कोण बसायचं, चढावरचा तो दगड वरून दिसेल का. बाई ऐकत होत्या. जरा वेळाने त्यांनी मिस्त्रींच्या मनगटावरचं घड्याळ स्वतःकडे वळवलं.

"तीन मिनिटं झाली," त्या म्हणाल्या. "वाढवायचा का?"

"वाढव."