दोष पोटरीत आहे

कडक भाकरी विकणाऱ्या केराबाई आमच्या गल्लीच्या तोंडाशी असलेल्या खड्ड्यात पडल्या आणि त्यांचा उजवा हात मनगटात मोडला. हात प्लास्टरमध्ये गेल्यावर भाकऱ्या थापायचं काम सुनेकडे, सोनमकडे आलं. तिच्या भाकऱ्या जाड व्हायच्या. गिऱ्हाइकं तुटू लागली. तेव्हा केराबाई महापालिकेच्या पादचारी सुरक्षा कक्षात तक्रार घेऊन गेल्या.

कक्षाचे अधिकारी प्रभुलिंग साहेब नुकतेच प्रशिक्षण घेऊन आले होते. त्यांनी केराबाईंना पाणी दिलं आणि एका यंत्राच्या फळीवर उभं केलं. दिवा लागताच पायानं फळी दाबायची होती. केराबाईंनी यंत्र कुरकुरेल इतका जोर लावला. साहेबांनी खेदानं मान हलवली. जोर भरपूर होता, पण यायला उशीर झाला होता. पाय अडखळल्यावर सावरायला पापणी लवण्याएवढाच अवकाश मिळतो. तेवढ्यात स्नायूंनी जोर धरला तर माणूस उभा राहतो. त्यानंतर आलेली ताकद, साहेबांच्या शब्दांत, ‘मुदतबाह्य’ ठरते.

“ते खरं असंल, पर खड्डा बुजवा की साहेब,” केराबाई म्हणाल्या.

“बुजवता येईल. पण उद्या दुसऱ्या खड्ड्यात पडाल. मूळ दोष तुमच्या पोटरीत आहे.”

केराबाईंना हे पटलं नाही, पण पोटरी आपलीच असल्यामुळे त्या ओशाळल्या.

लवकरच गल्लीत स्नायू तत्परता शिबिर सुरू झालं. शिट्टी वाजली की खुर्चीतून झटकन उठायचं, टाच आपटायची, उडी मारायची. निवृत्त गिरणी कामगार गुरुबसप्पा तर घरात कुकरची शिट्टी झाली तरी ताटावरून ताडकन उठू लागले. पण गुण आला. प्लास्टर निघाल्यावर काही आठवड्यांनी केराबाईंनी डोक्यावर भाकऱ्यांची पाटी घेऊन तो खड्डा एका उडीत पार केला. गल्लीनं टाळ्या वाजवल्या. केराबाईंना नव्यानं लग्न होऊन आल्यासारखं वाटलं.

गल्लीतच राहणारी अंकिता कॉलेजात शिकवायची. खड्डा बुजवा म्हणून तीच एकटी कक्षात खेटे घालत राहिली. तिला सांगण्यात आलं, की सदर खड्डा आता व्यायाम सुविधा असून तो बुजवल्यास रहिवाशांचे स्नायू पुन्हा सुस्तावतील आणि त्याची जबाबदारी तिच्यावर येईल. दरम्यान कक्षानं आपला रस्ता सपाट ठेवून आपल्यावर अन्याय केल्याची तक्रार शेजारच्या गल्लीनं केली. तिथं नारळ फोडून खोदकाम झालं. आमच्या गल्लीतला खड्डा मग प्रगत गटासाठी रुंद करण्यात आला. एकदा डंपरवाल्यानं चुकून त्यात मुरूम ओतला, तर लोकांनी केराबाईंच्या पुढाकारानं तो घमेल्यांनी उपसून काढला.

गेल्या सोमवारी अंकिता त्या खड्ड्यात पडली. पायाचं हाड मोडलं. रिक्षात बसवताना ती कळवळत होती, आणि केराबाई तिचा पाय मायेनं धरून म्हणाल्या, “शिबिराला येत जा म्हणलं हुतं की, पोरी.”

जमलेल्यांनी माना डोलावल्या. कुणालाच त्यात वावगं वाटलं नाही. तुम्हालाही ती पडल्याचं वाचताना आधी तिचाच दोष दिसला, की मोबाइल बघत चालली असेल.