सदाआण्णांचं मीटर

आमच्या शेजारचे सदाआण्णा गळ्यात मल्टिमीटर घालून फिरतात. लाल आणि काळी अशा दोन वायरी छातीवर लोंबत असतात आणि विजेची कुठलीही वस्तू दिसली की आण्णांचे हात शिवशिवतात. न्हाव्याकडे तोंडाला साबण लावलेला असताना त्यांनी त्याच्या टीव्हीच्या रिमोटमधले सेल काढून तपासले आहेत. माझ्या मेहुणीच्या लग्नात नवरा-नवरी माळा घेऊन ताटकळली होती आणि आण्णा मांडवामागे जनरेटरपाशी उकिडवे बसून मला ओरडून सांगत होते, "एकशे ऐंशीच व्होल्ट येत्यात! मीटर खोटं बोलत न्हाई, मास्तर!"

हे त्यांचं ब्रीदवाक्य. फौजेत वायरलेस दुरुस्त करण्यात उमेदीची वर्षं गेली आणि हे खूळ घेऊन ते तासगावला परतले. "सभेला हजारभर माणूस होतं," असं कुणी म्हणालं की "खुर्च्या मोजल्यात मी," म्हणून त्याचं तोंड बंद. अंदाज नको, फुगवून सांगणं नको, कुणाचं मन राखायला मारलेली थापही नको. बायकोने हौसेनं केलेल्या वांग्याला चांगलं न म्हणता "मीठ कमी हाय" म्हणणारा माणूस. शालनकाकींनी हे चाळीस वर्षं कसं सोसलं ते त्याच जाणोत.

तर या आण्णांनी घरच्या घरी लिथियमची बॅटरी बांधायला घेतली, आणि तीही काकींसाठीच.

काकींची एक छोटी इलेक्ट्रिक गाडी होती. गिअर नाही, किक नाही, आवाज नाही. पन्नाशी उलटल्यावर त्या ती शिकल्या आणि कवठेएकंदच्या भजनी मंडळाला जाऊ लागल्या. मग एका उन्हाळ्यात, भर दुपारी, बॅटरी जाऊन गाडी वाटेतच बंद पडली. काकींनी ती ढकलत घरी आणली. वाटेत ट्रॅक्टरवरची पोरं हसली. घरी आल्या आल्या त्यांनी गाडीवर जुनं लुगडं टाकलं आणि म्हणाल्या, "आता मी कुठं जायाची न्हाई." तेव्हापासून भजन बंद. सकाळी भिंतीपलीकडून येणारं त्यांचं गुणगुणणंही थांबलं. मलाच चुकल्याचुकल्यासारखं व्हायचं, मग आण्णांचं काय होत असेल!

त्या गाडीची बॅटरी बाजारात मिळेना. "मग आमी बांधू!" आण्णांनी जाहीर केलं. काकींनी बजावलं, "बांधा. पण एकदा जरी वाटंत बंद पडली तर मी पुन्हा हात लावायची न्हाई."

झालं! आण्णांनी अख्खी गल्ली कामाला लावली. मेलेल्या लॅपटॉपच्या बॅटऱ्या गोळा होऊ लागल्या. त्या फोडल्या की आत बोटाएवढे सेल निघतात. त्यातले बरेचसे ठणठणीत असतात, एखादाच गेलेला असतो, आणि त्याच्यापायी सगळ्यांना भंगारात घालतात. चांगले सेल ठेवायला आण्णांनी घरातले बेदाण्याचे रिकामे बॉक्स घेतले. इथेच घोळ झाला. तासगावात पाहुण्याला बेदाण्याचा बॉक्स दिल्याशिवाय निरोप देत नाहीत. पाटणचे व्याही निघाले, काकींनी गडबडीत हाताला लागला तो बॉक्स त्यांच्या पिशवीत घातला. संध्याकाळी व्याह्यांचा फोन. "आवं आण्णा, औंदा बेदाणा लय कडक हाय!"

"चावू नका!" आण्णा इतक्या मोठ्यांदा ओरडले की मी भिंतीपलीकडून धावत गेलो. "मी आत्ता यष्टीनं निघालो! आन् सेलाला दात लागलाय का तेवढं बघून सांगा!" व्याह्यांच्या दाताची चौकशी राहूनच गेली.

मग सुरू झाली सेलांची सोयरीक. प्रत्येक सेल पूर्ण चार्ज करायचा, कित्येक दिवस तसाच ठेवायचा, आणि जो आपोआप उतरेल तो बाद. बाकीच्यांत ताकद बघून जोड्या लावायच्या. "एक लेचापेचा निघाला तर सगळ्या घराला खाली वडतो," आण्णा मला समजावत. पोरीचं स्थळ बघतानाही त्यांनी एवढी चौकशी केली नव्हती, असं काकी म्हणाल्या. गाडीवर लुगडं टाकल्यापासून त्या पहिल्यांदाच हसल्या होत्या.

जोडणी आण्णांच्या चुलतभावाच्या रिकाम्या बेदाणा शेडमध्ये. आग लागलीच तर असावी म्हणून वाळूच्या बादल्या भरून ठेवलेल्या. निकेलची पट्टी सेलावर धरायची, वेल्डिंग मशिनचं टोक टेकवायचं, टक्! की पट्टी चिकटली. शेवटची टक् झाली तेव्हा आम्ही सगळे श्वास रोखून उभे. आण्णांनी मीटर लावलं आणि ओरडले, "चोपन्न! चोपन्नच्या वर!" चोपन्न म्हणजे काय ते आमच्यातल्या एकालाही माहीत नव्हतं, पण आम्ही असा गलका केला की शेजारच्या बागेत औषध मारणारा गडी पंप टाकून पळत आला.

आता आण्णांची छाती फुगली. चौकात सांगून टाकलं, "सांगलीला जाऊन माघारी येणार, मदी चार्जिंग न्हाई!" ठरलेल्या दिवशी नारळ फुटला, बॅटरीला हळदकुंकू लागलं, आण्णा निघाले. आणि सांगलीच्या अलीकडे, कुमठे फाट्यावरूनच माघारी आले. हँडलवर चार्ज दाखवायला आण्णांनी काट्याऐवजी आकड्याचं मीटर बसवलं होतं. त्यावर शून्य.

चौक खदखदून हसला. बाळू सायकलवाल्याने तर संधीच साधली. "काय आण्णा, मीटर खोटं बोलत न्हाई न्हवं?"

आण्णांनी मान खाली घातली. "न्हाई बोलत," एवढंच म्हणाले. मला भयंकर वाईट वाटलं.

काकींना मात्र कवठेएकंदपुरतं ते पुष्कळ होतं. लुगडं निघालं. गुणगुणणं पुन्हा सुरू झालं.

पुढे एकदा माझी मोटारसायकल दुरुस्तीला गेली होती, म्हणून मी काकींची गाडी मागून नेली आणि गप्पांच्या नादात थेट सांगली गाठली. बघतो तर मीटरवर शून्य! आता ढकला, असं म्हणत परत फिरलो. गाडी चालतेय. कुमठे फाटा गेला, कवठेएकंद गेलं, शून्यावर चालतेय! तासगावात शिरलो तेव्हा मी आनंदाने गाडीवर एकटाच ओरडत होतो. तसाच आण्णांच्या अंगणात घुसलो. "आण्णा, तुम्ही जिंकलात! मीटर बिघडलंय!"

आण्णांनी दंड धरून मला पेरूच्या झाडामागे नेलं. "हळू बोला. बिघडलं न्हाई, मीच तसं बसवलंय. निम्मी बॅटरी शिल्लक असतानाच शून्य दावतंय."

"मग चौकात सांगायचं ना! लोक हसले तुम्हाला."

"चौकात बोलून बसलो, मग हे सुचलं, म्हणून फाट्यावरनंच फिरलो. खरं सांगितलं तर हिच्या कानावर जाणार. तिला कळलं तर शून्याच्या फुडचंबी वापरून टाकंल. मंडळ सुटलं की एकेका बाईला घरापतूर सोडाय जाती, आकडा कवा बघतीया? पुन्हा वाटंत उभी ऱ्हायली तर कायमची घरात बसंल, मास्तर. मला ते बघवत न्हाई."

काकी भजनाची झांज घेऊन बाहेर आल्या आणि मीटरकडे बघून हरखल्या. "आवं, मास्तरलाबी शून्यावर घेऊन आली बघा! मलाबी रोज आणती. गाडीला माझी माया हाय."

मी आण्णांकडे बघितलं. आता हे काकींचं बोलणं दुरुस्त करणार.

"व्हय," आण्णा म्हणाले, "लय माया हाय." आणि ते गाडी चार्जिंगला लावायला वाकले.