कढीपत्त्याची साक्ष आणि बारावा हात

एखाद्या माणसाला खुनी ठरवायला बारा माणसं, सात आठवडे आणि एकमत लागतं, असा समज फक्त न्यायालयांमध्ये प्रचलित आहे. बाकी सर्वत्र हे काम एक माणूस, एक कप चहा आणि जमल्यास एक फोटो एवढ्या सामग्रीत उरकतं. पश्चिम सिडनीतल्या मराठी समाजाने तर या कार्यपद्धतीत इतकी प्रगती केली आहे की तिथे पुष्कळदा फोटोचीही गरज भासत नाही.

म्हणूनच ग्लेन बॅनिस्टरच्या खटल्यात ज्यूरीचं एकमत होऊ शकलं नाही, ही बातमी गुरुवारी आली तेव्हा वेंटवर्थव्हिल भागातल्या किराणा दुकानांत मोठी हळहळ पसरली. ग्लेन बॅनिस्टर म्हणजे दर शुक्रवारी टीव्हीवर लोकांच्या परसात जाऊन मरणाऱ्या झाडांना जगवणारा, गवती हॅट घालणारा आणि प्रत्येक झाडाला ‘मेट’, म्हणजे दोस्ता, म्हणणारा माणूस. आपल्याच कार्यक्रमाच्या निर्मात्याचा खून केल्याचा त्याच्यावर आरोप होता. (पुराव्याचा तपशील इथे दिलेला नाही. खटला नव्याने उभा राहायचा आहे, आणि तपशिलावाचून कोणाचं अडलेलंही नाही.) पॅरामॅटाच्या कोर्टात सहा आठवडे साक्षी झाल्या, सातव्या आठवड्यात ज्यूरी, म्हणजे मतदारयादीतून उचललेले बारा सामान्य नागरिक, बंद खोलीत बसली आणि शेवटी ‘आमचं जुळत नाही’ असं तिने कळवलं. न्यायाधीशबाईंनी आभार मानून आणि आतलं बाहेर बोलायचं नाही अशी ताकीद देऊन बाराही जणांना घरी पाठवलं. किती जण कोणत्या बाजूला होते हे कोर्टाने जाहीर केलं नाही, त्यामुळे शुक्रवारी दुपारपर्यंत ते सगळ्यांना माहीत होतं.

देशाने हा प्रसंग संयमाने घेतला. एका रेडिओ केंद्राने जनमत घेतलं, तेव्हा ८३ टक्के लोकांनी ग्लेनला दोषी आणि ७९ टक्के लोकांनी निर्दोष ठरवलं. (न्याय दोन्ही बाजूंना मिळावा म्हणून बऱ्याच जणांनी दोनदा मत दिलं होतं.) एका नर्सरीने त्याच्या सहीची खुरपी निषेधार्थ मागे घेतली आणि शनिवारी लोकाग्रहास्तव पुन्हा मांडली. राजधानी कॅनबेरातल्या गुंगालिनमधला सरकारी नोकरवर्ग मात्र ज्यूरीच्या बाजूने उभा राहिला. सात आठवडे बैठका आणि अखेर निर्णय नाही, यात नेमकं चुकलं काय, असा त्यांचा प्रामाणिक प्रश्न होता.

पण आपल्याला पाहायचं आहे ते सलिल आठल्येकडे.

सलिल पॅरामॅटातल्या एका बँकेत सॉफ्टवेअर तपासण्याचं काम करतो. एकोणीस वर्षांत त्याने कोणत्याही गोष्टीला पहिल्या फटक्यात ‘चालेल’ म्हटलेलं नाही. फोनमध्ये नवं ॲप घेताना ‘मान्य आहे’ या बटणाच्या वर जो मजकूर असतो, तो शेवटपर्यंत वाचणारी दक्षिण गोलार्धात दोनच माणसं आहेत, आणि त्यातल्या दुसऱ्याने तो मजकूर लिहिलेला आहे. असा माणूस घरात वैताग आणि सार्वजनिक जीवनात निरुपयोगी ठरतो. पश्चिम सिडनी मराठी स्नेहवर्धक मंडळाने त्याच्याकडे खुर्च्या मांडण्याचं आणि उचलण्याचं खातं सोपवलं होतं, आणि ते तो चोख सांभाळत असे.

तर या सलिलवर त्याच सात आठवड्यांत एक वेगळा खटला चालला. पुरावे तीन होते. पहिला पुरावा शेजारच्या नुपूरने दिला. आठल्यांच्या पत्रपेटीत तिने सरकारी शिक्क्याचं पाकीट पाहिलं होतं. (पाहिलं म्हणजे दिसलं. पेटी उघडली की दिसतंच.) दुसरा मंडळातल्या यतिनचा. सलिल भर दुपारी एक वाजता पॅरामॅटात नदीकाठच्या बाकावर एकटाच डबा खाताना त्याला आढळला, तोही टाय बांधून. “आयटीतला माणूस टाय कधी बांधतो? लग्नात आणि इंटरव्ह्यूला,” यतिन म्हणाला, “आणि बुधवारी लग्न नसतं, मेट.” तिसरा पुरावा खुद्द आरोपीनेच दिला. ऑफिसात काय चाललंय असं विचारलं की तो म्हणे, “सध्या काही सांगता येत नाही.”

झालं. सलिलची नोकरी गेली. मंडळाच्या दोनशे चौदा सदस्यांच्या ग्रुपवर (सलिल वगळून) हा निकाल अकरा मिनिटांत, एकमताने लागला. शिक्षा म्हणून त्याला सहानुभूती देण्यात आली. रुचाने सलग तीन दिवस आमटी पाठवली. यतिनने त्याचा बायोडेटा सुधारून दिला, तोही न मागता, आणि त्यात ‘पडेल ते काम करण्याची तयारी’ अशी ओळ घातली. देवळात कोणीतरी त्याच्या पाठीवरून हात फिरवला आणि ओळख न देता निघून गेलं.

सलिलला फार वाईट वाटलं. एकोणीस वर्षांची अब्रू एका टायने घालवली, हे त्याला सहन होईना. दोन शब्द बोलला असता तर सगळं मिटलं असतं, पण ते दोन शब्द बोलायचे नाहीत असं त्याने कुठेतरी कबूल केलं होतं, आणि कबूल करण्यापूर्वी अर्थातच पूर्ण वाचलं होतं. त्यामुळे तो तोंडात मिठाची गुळणी धरून लोकांची आमटी खात राहिला. त्याच्या बायकोला, चारुताला, खरं कारण ठाऊक होतं. ती त्याच्याहून घट्ट निघाली. वाण्याकडे कोणीतरी “धीर धर हो” म्हणालं तेव्हा तिने फक्त दोन किलो तूरडाळ जास्तीची घेतली.

इकडे मंडळाचे अध्यक्ष रवींद्रकाका खांबेटे स्वस्थ बसणारे नव्हते. “ह्या लोकांना बारा माणसांत एक निर्णय घेता येत नाही? आपण दाखवू,” असं म्हणून त्यांनी ग्लेनचा खटला मंडळातच चालवण्यासाठी रविवारच्या दुपारी हॉल घेतला. दोन ते साडेचार.

काकांचा आत्मविश्वास निराधार नव्हता. मंडळाच्या स्थापनेपासून तीनशे बारा ठराव मांडले गेले आणि तीनशे बाराही सर्वानुमते मंजूर झाले. मराठी माणसांत एकी नाही म्हणणाऱ्यांनी हे रजिस्टर एकदा पाहावं. मतभेद मंडळातही असतात, पण ते सभेनंतर कारपार्कमध्ये मांडायचे अशी शिस्त आहे, आणि कारपार्कचं इतिवृत्त लिहिलं जात नाही. इतिवृत्त तर वेळ वाचावा म्हणून आदल्या रात्रीच टाइप केलेलं असतं. त्यात फक्त चहा कोणी दिला तेवढी जागा कोरी ठेवतात.

ज्यूरीला बारा जण हवे होते, आले अकरा. हृषिकेशच्या मुलाची क्रिकेटची मॅच लांबली होती.

“सलिल आहे की,” काका म्हणाले. “रिकामाच आहे.”

सलिल तेव्हा खुर्च्या मांडत होता. “काका, मी नको. मला नाही जमणार,” तो म्हणाला. “दुसरं कोणीही घ्या.”

“अरे, तेवढंच मन रमेल,” काका म्हणाले आणि त्याला बाराव्या खुर्चीवर बसवलं.

सरकार पक्षातर्फे रुचाने काम पाहिलं. तिने कुंडीसकट एक वाळलेला कढीपत्ता सादर केला. (तो गाडीतून सीटबेल्ट लावून आणला होता.) परदेशात कढीपत्ता जगवणं म्हणजे काय असतं हे तिथे प्रत्येकाला माहीत असल्याने हॉलमध्ये काही जण नकळत उठून उभे राहिले. ग्लेन बॅनिस्टरने टीव्हीवर सांगितलं म्हणून रुचाने हिवाळ्याच्या तोंडावर त्याची छाटणी केली, आणि आठ दिवसांत सगळी पानं गळाली. “आणि तारीख बघा,” ती म्हणाली. “ज्या आठवड्यात तो निर्माता गेला, त्याच आठवड्यात माझा कढीपत्ता गेला. आता ह्याला योगायोग म्हणायचं का?”

योगायोग म्हणायला कोणीच तयार नव्हतं. बचाव पक्षातर्फे ज्यूरीतल्याच शैलाताई उभ्या राहिल्या. ग्लेनचंच ऐकून त्यांच्या झाडाला एकशे चाळीस लिंबं लागली होती, आणि त्या लिंबांचं लोणचं त्यांनी ज्यूरीत फिरवलं. लोणचं खारट झालं होतं. बचाव तिथेच कोसळला.

चार वाजून दहा मिनिटांनी काकांनी मत घेतलं. दोषी म्हणणाऱ्यांनी हात वर करा. अकरा हात वर गेले, त्यात शैलाताईंचाही होता.

“सलिल, हात,” काका म्हणाले.

“काका, माझं मत अजून झालेलं नाही.”

“अरे, मत कोण मागतंय? हात वर कर.”

“पण खून कसा झाला, हे इथे कोणी बोललंच नाहीये,” सलिल म्हणाला. “आपण सगळा वेळ कढीपत्त्यावरच बोललो.”

“सात आठवडे टीव्हीवर दुसरं काय चाललं होतं?” रुचा म्हणाली. “तू काय झोपला होतास?”

सलिलने खारट लोणच्याची आणखी एक फोड तोंडात टाकली.

“साडेचारला हॉल सोडायचाय, मेट,” यतिन हलक्या आवाजात म्हणाला. “हात वर कर, नो वरीज. कारपार्कमध्ये बोलू ना काय ते.”

मागच्या रांगेत फोन बघत बसलेली सलिलची पंधरा वर्षांची मुलगी स्पृहा कंटाळून म्हणाली, “डॅड, जस्ट पुट युअर हँड अप. इट्स नॉट दॅट डीप.” (म्हणजे, एवढा विचार कशाला.)

सलिलला हात वर करायचाच होता. खरंच करायचा होता. एवढ्या आठवड्यांत पहिल्यांदाच लोक त्याच्याकडे कीव सोडून आशेने बघत होते. हात वर केला असता तर तो पुन्हा त्यांच्यातला झाला असता, आणि ग्लेन बॅनिस्टरचं त्याने काहीही वाकडं होणार नव्हतं. पण हात मांडीवरून उठेचना.

“नाही जमत, काका,” तो म्हणाला. “सॉरी.”

काका मनाने चांगले होते. ते उठून त्याच्याजवळ आले आणि म्हणाले, “बाळा, नोकरी गेली की माणसाची निर्णयशक्ती डळमळते. कोणी मनावर घेणार नाही.” मग त्यांनी इतिवृत्तात हाताने एक दुरुस्ती केली. ठराव क्रमांक ३१३, ग्लेन बॅनिस्टर दोषी, ‘उपस्थित व नोकरीत असलेल्या सदस्यांच्या सर्वानुमते मंजूर’.

तेव्हा मात्र सलिल ताडकन उभा राहिला. “माझी नोकरी आहे! उद्या सकाळी ऑफिसला जातोय मी.”

“मिळाली!” काका ओरडले आणि हॉलमध्ये टाळ्या पडल्या.

“मिळाली नाही. गेलीच नव्हती.”

टाळ्या थांबल्या. “मग सात आठवडे होतास कुठे?” नुपूरने विचारलं. सगळ्या माना त्याच्याकडे वळल्या.

सलिलने चारुताकडे पाहिलं. तिने अगदी किंचित मान हलवली, नाही म्हणून.

“ते सांगता येत नाही,” सलिल म्हणाला आणि खाली बसला.

कोर्टात गप्प राहणं हा माणसाचा हक्क असतो म्हणे. हॉलमध्ये तो कबुलीजबाब असतो. पाचच मिनिटांत सभा संपली, सलिलने सगळ्या खुर्च्या उचलल्या, कोणी मदतीला आलं नाही, आणि कारपार्कमध्ये त्याच्या प्रकरणाची फेरसुनावणी सुरू झाली. दारू सोडायच्या केंद्रात होता, असं एकाचं मत पडलं. दुसऱ्याला बाईचा वास आला (टाय!). बायकोला न्यायला आलेला हृषिकेश सहज म्हणाला, “ज्यूरीत असेल का रे?” यावर मात्र सगळे मनापासून हसले. “सलिल? ज्यूरीत?” यतिन डोळे पुसत म्हणाला. “अरे, तिथे मत लागतं!”

गाडी कारपार्कमधून बाहेर पडली. मग सलिल म्हणाला, “वाईट वाटलं गं मला.”

“दिसलं,” चारुता म्हणाली. “पण बरं केलंस. उद्या डब्याला काय देऊ?”

आता वाचकांच्या संदर्भात एक किरकोळ प्रशासकीय बाब उरते. सलिल आठल्ये त्या ज्यूरीत होता, असं या कथेत कुठेही लिहिलेलं नाही. वर जाऊन खुशाल तपासून पाहा. तुम्हाला एक पाकीट दाखवलं, एक टाय दाखवला, बाकावर डबा खाणारा एक माणूस दाखवला आणि तो काही सांगत नाही एवढं सांगितलं. मंडळाकडेही नेमका एवढाच पुरावा होता, आणि त्यांना निदान अकरा मिनिटं लागली. तारखा जुळतात म्हणाल, तर त्या कढीपत्त्याच्याही जुळत होत्या. सलिल कुठे होता हे आम्हाला ठाऊक नाही, कारण त्याने ते आम्हालाही सांगितलेलं नाही. आणि ग्लेन बॅनिस्टरबद्दल तर तुम्हाला एका गवती हॅटपलीकडे काहीच कळलेलं नाही, तरी तुमचं मत ठाम आहे. ते इथे कोणीही विचारलेलं नाही, तेव्हा हात खाली घेतलात तरी चालेल.