हरकत असल्यास बारापर्यंत कळवावे

शनिवारी सकाळी साडेनऊ वाजता रकानेसाहेबांनी चहाचा कप खाली ठेवला आणि जाहीर केलं, "मी बघतो."

झालं! हे दोन शब्द ऐकले की त्यांची आई चष्मा उचलून उंच फळीवर ठेवते आणि बायको घरातल्या मोलाच्या वस्तू मनातल्या मनात मोजून घेते. मागे एकदा "मी बघतो" म्हणून त्यांनी दारावरची बेल दुरुस्त केली होती. तेव्हापासून बेल दाबली की बाथरूमचा दिवा लागतो. (बाहेरच्याला काही कळत नाही, पण आत अंघोळ करणाऱ्याला कोणीतरी आलंय एवढं नक्की समजतं.)

रकानेसाहेब हे काही त्यांचं पाळण्यातलं नाव नव्हे. पाणीपुरवठा खात्याच्या रेकॉर्ड रूमचे ते हेडक्लार्क. अर्जातला एक रकाना रिकामा दिसला तरी त्यांना जेवण जात नसे. म्हणून कचेरीत हे नाव पडलं, आणि कोणाच्या तरी तोंडून ते घरी पोचलं.

आता त्यांनी बघायचं ठरवलं होतं ते घरच्या कॉम्प्युटरकडे. गेले पंधरा दिवस त्याला काय झालं होतं कोण जाणे. आई शब्दकोडं उघडायला जायची आणि समोर पोट कमी करायचा पट्टा यायचा. "याला कोणी सांगितलं माझं पोट सुटलंय म्हणून?" असं म्हणून ती सुनेकडे संशयानं बघायची. कोपऱ्यातून एक अनोळखी बाई मध्येच डोकावून "अभिनंदन!" म्हणायची. कशाबद्दल, ते कधी सांगायची नाही.

खरं तर कॉम्प्युटर होता बायकोचा. ती कपडे कापायचे साचे काढायची. बाही, गळा, पाठ, सगळं पडद्यावर, मापाबरहुकूम. सात वर्षं दुसऱ्यांच्या नावावर साचे काढून काढून तिला आता कुठे स्वतःच्या नावावर पहिलं काम मिळालं होतं: एका नव्या इस्पितळाच्या परिचारिकांचे गणवेश, सगळ्या मापांत. साचे आज चारच्या आत कारखान्यात पोचले नाहीत तर काम दुसऱ्याला जाणार, असं मालकानं स्वच्छ सांगितलं होतं.

"अहो, हात लावू नका हं," पायात चप्पल सरकवत बायको म्हणाली. "मी कापड बघून दोनपर्यंत येते, दोन साचे नीट करायचेत, ते करते आणि पाठवते. मग सोमवारी त्या कॉम्प्युटरवाल्या बाईंना बोलावू."

"त्यांना कशाला? बावीस वर्षं रेकॉर्ड सांभाळतोय मी. कचरा कसा काढायचा ते मला शिकवू नकोस."

बायकोनं सासूकडे बघितलं. सासूनं "मी आहे" अशी मान हलवली. त्या भरवशावर ती गेली. (बिचारी!)

कॉम्प्युटर सुरू होताच कोपऱ्यातून एक लाल ढाल पुढे आली. 'महारक्षक! आपल्या संगणकात ४३ धोके आढळले आहेत!'

"बघ आई," साहेब गहिवरले. "आपण झोपा काढतोय आणि हा एकटा पहारा देतोय. याला म्हणतात इमानी माणूस."

"हा आला कुठनं पण?"

"इमानी माणसं न बोलावता येतात."

महारक्षकानं पूर्ण संरक्षणासाठी एक अर्ज पुढे केला. बावीस रकाने! साहेबांचा चेहरा उजळला. नाव, पत्ता, जन्मतारीख, आईचं माहेरचं आडनाव, मेलचा पासवर्ड, लहानपणीच्या शाळेचं नाव. त्यांनी सगळं भरलं. शेवटी 'अन्य काही माहिती असल्यास' असा रकाना होता. तिथे त्यांनी आपला रक्तगट लिहिला.

मग त्यांनी कॉम्प्युटरमधल्या प्रोग्रॅमची यादी उघडली आणि खुर्चीतच मागे सरकले. सत्त्याऐंशी!

"आई! अगं आई! आपल्या घरात सत्त्याऐंशी जण राहतायत!"

"अरे देवा! कुठे?" आईनं पलंगाखाली बघितलं.

रेकॉर्ड रूममध्ये बेवारस फायलींसाठी एक पद्धत आहे. यादी भिंतीवर लावायची, ज्याची फाईल असेल त्यानं तिच्यासमोर सही करायची, मुदतीत सही झाली नाही की फाईल नष्ट. या पद्धतीनं साहेबांनी तीन खोल्या रिकाम्या केल्या होत्या आणि एकदाच गोंधळ झाला होता. (एका अख्ख्या पुलाखालच्या नळाचे नकाशे. तो नळ आता कुठून जातो ते फक्त पाण्यालाच माहीत आहे.) तीच पद्धत त्यांनी इथे लावली. सत्त्याऐंशी नावांची यादी छापली, वर लिहिलं, 'आपल्या मालकीच्या प्रोग्रॅमसमोर सही करावी. हरकत असल्यास आज दुपारी बारापर्यंत कळवावे', खाली एक सुबक गोल निळा शिक्का छापला, आणि कागद फ्रीजवर चिकटवला.

"यातलं तुझं कुठलं?" त्यांनी आईला विचारलं.

"माझं ते हिरवं."

"यादीत रंग नसतात, आई. नाव सांग."

"नाव मला काय ठाऊक? मी हिरव्यावर बोट ठेवते, ते उघडतं. इतकी वर्षं आमचं कधी नावावरून अडलं नाही."

साहेबांनी शेरा मारला: मालकी सिद्ध होत नाही. मग बायकोला फोन लावला. मागे शिलाई यंत्रांचा खडखडाट चालू होता.

"तुझे प्रोग्रॅम कुठले कुठले?"

"का? तुम्ही काय करताय? अहो, माझ्या कापणीच्या प्रोग्रॅमला हात लावू नका! बाकी काय हवं ते करा!"

"तोंडी हरकत नोंदवून घेतली," म्हणून साहेबांनी फोन ठेवला आणि यादीत कापणी शोधू लागले. वरून खाली शोधलं, खालून वर शोधलं. कापणी, कात्री, कापड, कशाच्याच नावाचं काही नव्हतं. याचा अर्थ उघड होता: बायकोचं या यादीत काहीच नाही. मधोमध 'एक्सव्ही-नाइन स्टुडिओ' नावाचं काहीतरी मोठी जागा अडवून बसलं होतं. "एक्सव्ही-नाइन!" साहेब दचकले. "नावच बघ आई, सराईत गुन्हेगाराचं!"

बारा वाजले. फ्रीजवरच्या कागदावर एकच सही होती, महारक्षकासमोर, आणि ती साहेबांची स्वतःची.

मोहीम सुरू झाली. यादीत ज्यांचे सगळे रकाने भरलेले होते त्यांना मात्र साहेबांनी सहीशिवायही अभय दिलं. काढताना प्रत्येक प्रोग्रॅम विचारायचा, 'आपली खात्री आहे का?' साहेब मोठ्यानं "आहे!" म्हणून बटण दाबायचे. काही जण जाता जाता विनवायचे, 'आम्ही कुठे चुकलो ते सांगाल का?' आणि पुढे एक छोटा अर्ज करायचे. साहेबांनी प्रत्येकाचा अर्ज पूर्ण भरला. कारण: मालकाची सही नाही. एक्सव्ही-नाइननं तर तीनदा विचारलं. "कोडगा आहे," साहेब म्हणाले आणि त्याला तीनदा हाकललं.

पस्तिसाव्याला आवाज गेला. चाळिसाव्याला प्रिंटर बेपत्ता झाला. एकावन्नाव्याला पडद्यावरची अक्षरं अचानक एवढी मोठी झाली की सगळ्या पडद्यावर मिळून चारच शब्द मावू लागले. "वा! आता चष्म्याशिवाय दिसतं," आई खूश झाली. एकसष्टाव्याला इंटरनेट गेलं. एवढं होऊनही महारक्षकाचा आकडा कमी व्हायचं नाव घेईना. ४३ चे ३०० झाले, ३०० चे ९१२. शत्रू चवताळलाय, असं साहेबांनी आईला समजावलं. पण स्वतः मात्र खुर्ची दोन बोटं मागे घेतली.

दोनला पाच कमी असताना बायको आली. चप्पल न काढताच कॉम्प्युटरपुढे बसली, आणि नुसती बघत राहिली.

"माझा प्रोग्रॅम?"

"कुठला?"

"एक्सव्ही-नाइन."

साहेब खिडकीबाहेर बघू लागले. आईनं हळूच फ्रीजकडे बोट दाखवलं. बायकोनं कागद वाचला, शिक्का बघितला, शेरे वाचले.

ती ओरडली असती तर साहेबांना बरं वाटलं असतं. पण ती खुर्चीवर टेकली आणि अगदी खालच्या आवाजात म्हणाली, "सात वर्षं मी कॉलर काढल्या, त्यावर नाव लोकांचं. पहिल्यांदा कोणीतरी म्हणालं, बाई, तुमचं नाव सांगा, कागदावर घालायचंय. दोन तास राहिलेत. तुम्हाला फक्त एवढंच सांगितलं होतं ना हो, की हात लावू नका?"

तिचे डोळे भरून आले. बावीस वर्षांत साहेबांनी लाखभर कागद फाडले असतील, पण फाडलेल्या कागदावर कोणाचं तरी नाव असतं हे त्यांना पहिल्यांदा कळलं. "चुकलो," ते म्हणाले. मग ते उठले, आणि जो फोन ते कधीच करणार नव्हते तो केला. "बाई, तुम्ही आत्ता येऊ शकाल का? मी बघितलंय."

"अरे बाप रे! आलेच," असं म्हणून कॉम्प्युटरवाल्या बाईंनी फोन ठेवला. (साहेबांची कीर्ती तिथवर पोचली होती.)

त्या पावणेतीनला आल्या. पन्नाशीच्या, पिशवी खांद्याला, चेहरा अवघड केस बघायला आलेल्या डॉक्टरसारखा. आधी त्यांनी बायकोचे साचे शोधले. साचे जागेवर होते, नुसते उघडायला काही नव्हतं. त्यांची प्रत काढून घेतल्यावर त्या यादीकडे वळल्या आणि थक्क झाल्या.

"साहेब, सत्त्याऐंशीतले एकसष्ट काढलेत. कामाचे झाडून सगळे गेले. आणि चोर, हे बघा, एक, दोन, तीन, चार, पाच, एकूण एक शाबूत! हे जमलं कसं तुम्हाला? ठरवूनसुद्धा जमत नाही."

"त्यांची कागदपत्रं पूर्ण होती," साहेब पुटपुटले. "नाव, पत्ता, तारीख, प्रमाणपत्र..."

"चोराची असतातच हो. आणि हा महारक्षक तर त्यांचा म्होरक्या. याला काही माहिती नाही ना दिलीत?"

साहेबांनी सांगितलं. बाई खालीच बसल्या.

"पासवर्डसुद्धा? अहो, एखादा रकाना रिकामा सोडता येत नाही का माणसाला?"

"रिकामा रकाना म्हणजे अपूर्ण अर्ज!"

"आणि रक्तगट?"

"जागा उरली होती."

बाईंनी आधी स्वतःच्या फोनवरून बायकोला मेलचे आणि बाकीचे सगळे पासवर्ड बदलायला लावले. मग कॉम्प्युटर गुरुवारच्या अवस्थेत परत नेला. एकेक करून सगळे परतले: आवाज, प्रिंटर, इंटरनेट, आईचं हिरवं, आणि एक्सव्ही-नाइन. त्यांच्याबरोबर चोरही होतेच. बाईंनी पिशवीतला पेनड्राइव्ह लावून सगळा कॉम्प्युटर तपासला, महारक्षकाला मुळासकट उपटला आणि त्याचे साथीदार शोधून शोधून काढले. साहेब दारात उभे होते. आत यायची त्यांची हिंमत नव्हती.

"हा शिरला कधी तेही सापडलं," बाई म्हणाल्या. "मागच्या महिन्यात, मंगळवारी संध्याकाळी सात वाजून दहा मिनिटांनी. कोणीतरी 'फुकट गोल शिक्के बनवा' नावाचं काहीतरी उतरवून घेतलंय, त्याच्या पाठीवर बसून आला. घरात शिक्के कोण बनवतं?"

फ्रीजवरचा निळ्या शिक्क्याचा कागद वाऱ्यानं फडफडला.

"मी तर नाही बाई," आई म्हणाली.

तीन वाजून दहा मिनिटांनी बायको बसली. बाहीचा एक साचा नीट केला, कमरेचा एक. तिची बोटं भराभर चालत होती, आणि घरात माशीसुद्धा हलत नव्हती. तीन छप्पनला तिनं पाठवायचं बटण दाबलं. चार वाजून दोन मिनिटांनी उत्तर आलं: 'मिळाले. उत्तम. कागदावर नाव कसं घालू?' बायकोनं ते दोनदा वाचलं, आणि मग दिवसात पहिल्यांदा चप्पल काढली.

साहेबांना इतकं हायसं वाटलं की त्यांनी चहा स्वतः केला. तो सगळ्यांनी मुकाट्यानं प्यायला.

जाताना बाई म्हणाल्या, "आता प्रत्येकाला स्वतंत्र खातं करून देते. म्हणजे कोणी दुसऱ्याच्या कामाला हात लावायला नको." बायकोला मालकीचं खातं मिळालं, आईला साधं. साहेबांची पाळी आली तेव्हा बाई म्हणाल्या, "यांच्यासाठी एकच प्रकार सुरक्षित वाटतो. लहान मुलांचा. यात काही काढता येत नाही, काही घालता येत नाही, आणि रोज एक तास. वय काय टाकू?"

"आठ," बायको म्हणाली.

"सात टाका," आई म्हणाली. "आठव्या वर्षी त्याला बरीच समज होती."

सोमवारी संध्याकाळी साहेब कचेरीचं एक निकडीचं पत्र लिहायला बसले. बरोबर एका तासानं, पत्राच्या शेवटच्या ओळीत, पडदा बंद झाला आणि त्यावर एक हसरं अस्वल आलं. 'आजची वेळ संपली! आणखी पंधरा मिनिटं हवी असतील तर मोठ्यांना विचार!' साहेबांनी इकडे तिकडे बघितलं आणि गुपचूप बटण दाबलं. तत्क्षणी स्वयंपाकघरात दोन फोन वाजले, एक बायकोचा आणि एक आईचा.

अस्वल हसतच राहिलं. मग बायको दारात आली.

"अहो, मी हो म्हणणारच होते," ती म्हणाली. "पण सासूबाईंनी आधीच 'नाही' दाबलंय. आता मायलेकरांच्या मध्ये मी कशाला पडू?"