सातवं कलम

साहेबांनी सूचना-लेखकाला सोमवारपर्यंतची मुदत दिली. त्याची कंपनी औषधांच्या दुकानांसाठी सॉफ्टवेअर बनवायची. ते कॉम्प्युटरवर कसं चढवायचं, याच्या सूचना तो लिहायचा. दुकानदार त्या वाचायचे, आणखी गोंधळायचे आणि कंपनीत फोन करायचे.

"नव्याने लिहा. सोमवारनंतरही फोन येत राहिले, तर ते तुम्हीच घ्यायचे," साहेब म्हणाले.

हा गृहस्थ सख्ख्या भावाशीसुद्धा फोनवर धड बोलू शकत नसे. चिडलेल्या दुकानदारांपुढे त्याची दातखीळच बसली असती.

तोडगा बायकोने काढला. "माझ्या आईला बसव कॉम्प्युटरवर. तिला जमलं तर कुणालाही जमेल."

शनिवारी सासूबाई चष्मा पुसून बसल्या. "फाइल उतरवून घेतली. आता ती गेली कुठे?" जावयाने लगेच एक वाक्य वाढवलं. मग सासूबाई म्हणाल्या, "तिच्यावर क्लिक केलं, पण ढिम्म हलत नाही." पटकन दोनदा करा, असं दुसरं वाक्य आलं. सूचना दर अडचणीगणिक सुधारत होत्या आणि जावई खुशीत होता. मग कॉम्प्युटरवर वापराच्या अटींचा पडदा उघडला. सासूबाईंनी माउस सोडला आणि वाचायला सुरुवात केली.

"आई, ते वाचायचं नसतं. 'मान्य आहे' म्हणायचं आणि पुढे जायचं."

"न वाचता मान्य कसं म्हणू?"

"सगळेच म्हणतात हो."

"लग्नाच्या वेळी तुमच्याबद्दलही सगळे चांगलंच म्हणत होते, जावईबापू. मी चौकशी केलीच ना?"

समोरचा चहा निवून गेला तरी त्या वाचतच होत्या. शेवटी म्हणाल्या, "सातवं कलम काही मला मान्य नाही."

ते कलम काय आहे हे बघायच्या भानगडीत तो पडला नाही. मात्र सूचनेत त्याने इमानेइतबारे भर घातली: 'अटी शांतपणे वाचा. मान्य असतील तरच पुढे जा.'

सोमवारी सकाळी नव्या सूचना दुकानांत पोचल्या आणि दुपारपर्यंत फोन गप्प होता. साहेबांनी त्याची पाठही थोपटली. मग फोन सुरू झाले ते थेट साहेबांच्या केबिनमध्ये. दुकानदार न अडखळता अटींपर्यंत पोचले होते आणि तिथे ठाण मांडून बसले होते.

"सातवं कलम मान्य नाही म्हणतात. आहे तरी काय ते?" साहेबांनी विचारलं. ऑफिसात कुणालाच ठाऊक नव्हतं. उघडून पाहिलं, तर लिहिलं होतं: 'पाण्याचा दाब कमी पडल्यास अथवा कपड्यांचा रंग गेल्यास कंपनी जबाबदार राहणार नाही.'

साहेबांचा चेहरा पडला. कंपनी काढताना त्यांनीच या अटी घरच्या वॉशिंग मशीनच्या कागदांवरून उतरवल्या होत्या.

"इतक्या वर्षांत हे कुणीच वाचलं नाही?"

"आमच्या सासूबाईंनी वाचलं. परवाच."

साहेबांनी अटींचा पडदा बंद केला. मग म्हणाले, "रोज येतील का त्या इथे?"

सासूबाई आता जावयाच्या शेजारच्या टेबलावर बसतात. त्यांनी मान्य म्हटल्याशिवाय त्याचं एक वाक्यही बाहेर जात नाही, आणि मान्य म्हणायची त्यांना घाई नसते. दुकानदार खूश आहेत. फोन जवळजवळ थांबलेच आहेत.

परवा सगळा धीर एकवटून तो साहेबांच्या केबिनमध्ये गेला. "साहेब," तो हळूच म्हणाला, "फोनवर बसायला अजून कुणी लागेल का?"