हणमंतशेटनं धरलेली चोर

एका जंगलात, जिथं वाघसुद्धा बाजाराला निघताना घरून पिशवी न्यायचा, तिथं हणमंतशेट अस्वलाचं किराणा दुकान होतं. ऐका पोरांनो, चुळबुळ नको.

हणमंतशेटचे डोळे अधू. पण कबूल कोण करणार? "माझ्या नजरेतून मुंगीसुद्धा सुटत नाही," असं तो गिऱ्हाइकाला सांगायचा. तेवढ्यात मुंग्या गुळाच्या ढेपेवर चढायच्या.

बाजाराचा दिवस होता. म्हातारी गोदाक्का खवलेमांजर मीठ घ्यायला आली. जाता जाता तिनं ढेपेला तोंड लावलं.

"चोर!" हणमंतशेट गरजला. "ए बये, गूळ खातेस? थांब तिथंच. कोतवाल येईपर्यंत हलायचं नाही!"

गोदाक्का घाबरली. खवलेमांजर घाबरलं की काय करतं? अंगाचं गाठोडं करतं. तिनंही केलं. ऐन उंबऱ्यात.

बाहेर रांगेत ससा होता. तो म्हणाला, "शेट, जंगलाचा कायदा ठाऊक आहे ना? संशयिताच्या अंगाला हात लावायचा नाही. आणि समोरच्या जांभळीची सावली पायरीला टेकेपर्यंतच धरायचं. पुढं धरलं तर दुकानदार आत."

"मला शिकवतोस? मी कायद्यापेक्षा म्हातारा आहे."

कोतवाल पक्षी बाजाराच्या दुसऱ्या टोकाला माकडांचं भांडण सोडवत होता. त्याला निरोप गेला. तो काही येईना. गिऱ्हाइकांना आत जाता येईना. ती दुसऱ्या दुकानात गेली. ससा तेवढा थांबला. त्याला काही घ्यायचं नव्हतं.

सावली पायरीपासून वीतभर उरली. हणमंतशेटला आता चोराची नाही, स्वतःची काळजी लागली.

"ए बये, जा. सोडलं तुला."

गाठोडं घट्ट.

"गोदाक्का, जा गं."

आणखी घट्ट.

"आक्कासाहेब, चुकलं माझं. मीठ फुकट न्या, पण घरी जा!"

"ओरडू नका," ससा म्हणाला. "ओरडलं की ती आणखी घट्ट होते."

शेटनं तिला लोटायला पंजा उचलला.

"हात नाही लावायचा."

पंजा खाली आला. शेवटी त्यानं मुंग्यांनी भरलेली ढेपच आणून तिच्यापुढं ठेवली. गाठोडं हळूच उलगडलं. लांब जीभ बाहेर आली. शेटनं ढेपेला नाक टेकवून पाहिलं. बाई एकेक मुंगी टिपत होती. गूळ जागच्या जागी. तिच्या तोंडात दात एकही नव्हता, गूळ फोडणार कशानं?

"अगं, आधी सांगायचं नाही?"

"तू विचारलंस कुठं? चोर म्हणालास."

"बरं, आता ऊठ."

"एवढ्या मुंग्या टाकून?" म्हणाली, आणि पुन्हा खायला लागली.

सावली पायरीवर चढली. नेमका तेव्हाच कोतवाल उतरला.

"किती वेळ धरलंय हिला?"

"मी कुठं धरलंय! तीच जात नाही!"

"धरणारे सगळे असंच म्हणतात. आणि ही ढेप?"

"ती मीच ठेवली. बाई उलगडावी म्हणून."

"म्हणजे खायला दाखवून थांबवलंत. याचं कलम वेगळं."

निकाल तिथंच लागला. हणमंतशेटनं दहा दिवस स्वतःच्या बंद दुकानात कोंडून राहायचं. दार लागलं. आत शेट, ढेप आणि नव्या मुंग्या.

तिसऱ्या दिवशी फटीतून त्याला ओळखीचे खवले दिसले. "गोदाक्का!" त्यानं हाक मारली. "ये की. मुंग्या फार झाल्यात. गूळ संपवतील."

"येते की," गोदाक्का म्हणाली. "पण मी आत आल्यावर मला जाऊ देशील, असं आधी कोतवालासमोर बोल."

कोतवाल बाजाराच्या दुसऱ्या टोकाला होता.

तात्पर्य: पोरांनो, चोर धरायचाच तर पळून जाणारा बघून धरावा. तो पळाला की आपण सुटतो. ज्यांना हे वेळेवर सुचलं, त्यांची दुकानं अजून चालू आहेत. बाकीचे तुम्हाला गोष्टी सांगतात.