मूळ बनियन सोबत आणणे

"कागदाला आपण घाबरायचं नसतं हो, कागदाने आपल्याला घाबरायचं!" झेरॉक्सवाला प्रत्येक गिऱ्हाइकाला छातीठोकपणे सांगायचा. छातीठोकपणे! हा शब्द जरा ध्यानात ठेवा, कारण पुढचा सगळा घोळ त्या छातीनेच घातला.

त्याचं दुकान सरकारी कचेरीच्या समोर. दुकान म्हणजे दोन झेरॉक्स मशिनं, कागद कापायचं एक यंत्र आणि उरलेल्या जागेत तो स्वतः, तोही जरा तिरका उभा राहिला तर! पण ज्ञान अफाट. कुठल्या अर्जाला कसला फोटो लागतो, कुठल्या प्रतीवर सही-शिक्का हवा, कुठल्या खिडकीवरचे साहेब जेवणानंतर चिडतात, सगळं तोंडपाठ. परदेशी गेलेल्या अर्ध्या गावाच्या फायली त्याच्या हाताखालून गेल्या होत्या.

आणि त्या हातात सदा स्टेपलर. कागद सोडाच, तो काहीही स्टेपल करायचा! विजारीची खाली आलेली दुमड, पडद्याची किनार, उशीचा अभ्रा, एकदा तर चपलेचा अंगठासुद्धा. आई सुई-दोरा घेऊन मागे लागायची. हा म्हणायचा, "आई, दोरा ओवेपर्यंत माझी वीस कामं होतात!" कपड्यांना पिना मारायचं त्याचं शास्त्रही होतं. टोकं बाहेर, पाठ आत. म्हणजे अंगाला टोचत नाही.

बायकोही स्टेपलरनेच मिळाली म्हणायची. ती फिजिओथेरपिस्ट. परदेशातल्या एका वृद्धाश्रमात नोकरीसाठी अर्ज करायचा म्हणून दाखल्यांच्या प्रती काढायला आली होती. याने गठ्ठा असा काही सुबक लावून दिला की ती दुसऱ्या दिवशी उगाचच एक प्रत काढायला आली. मग तिसऱ्या दिवशी. मग लग्न झालं आणि संसाराची भांडी लागतात न लागतात तोच तिचं नेमणूकपत्र आलं. निघताना याने तिला काय द्यावं? एक छोटा लाल स्टेपलर! ती हसली, रडली आणि तो पर्समध्ये टाकून विमानात बसली.

तेव्हापासून त्यांचा संसार फोनमध्ये. लोकांच्या फायली चुटकीसरशी लावणाऱ्या या गड्याची स्वतःची फाईल मात्र काही केल्या हलेना! एकदा लग्नाच्या दाखल्यावरचा शिक्का फिका निघाला. एकदा फोटोत डावा कान दिसेना. एकदा सगळं बरोबर होतं, तर साहेबांचीच बदली झाली. तिने तिकडे दोघांसाठी म्हणून मोठी खोली घेऊन ठेवली होती, त्यातल्या दुसऱ्या खुर्चीवर ती वाळलेले कपडे टाकायची. रोज फोनवर ती खुर्ची याला दिसायची.

शेवटी एकच गोष्ट उरली, वैद्यकीय तपासणी. व्हिसा ऑफिसचं पत्र आलं. नेमून दिलेल्या दवाखान्याचा अहवाल महिनाअखेरपर्यंत पोचला नाही, तर फाईल बंद आणि सगळं पहिल्यापासून!

"मेडिकल म्हणजे काय, सर्दी-पडसं नाही की खोकला नाही," तो बायकोला म्हणाला. "तू आपली खुर्चीवरचे कपडे काढ!"

तपासणीच्या सकाळी मशिनमध्ये अडकलेला कागद ओढायला तो वाकला आणि बनियन मशिनच्या दाराच्या कडीत अडकला. हिसका मारला तर गळ्यापासून पोटापर्यंत उभा फाटला! घरी जायला वेळ कुठे होता? खटाखट, खटाखट! गळ्यापासून पोटापर्यंत पिनांची सरळ रांग. टोकं बाहेर, पाठ आत. वरून शर्ट घातला आणि स्वारी दवाखान्यात हजर.

एक्स-रेवाल्याने दारातूनच ओरडून विचारलं, "शर्ट काढा, पातळ बनियन असू दे. धातूचं काही अंगावर?"

याने घड्याळ काढलं, अंगठी काढली, पट्टा काढला, किल्ल्या काढल्या, चष्मासुद्धा काढून ठेवला. पिना? अहो, पीन त्याच्या लेखी धातू नव्हतीच, ती स्टेशनरी होती! आणि छाती पाटीला टेकवून उभं केल्यावर एक्स-रेवाल्याला दिसली ती नुसती पाठ.

दोन दिवसांनी दवाखान्यातून बोलावणं आलं. डॉक्टरीणबाईंनी फिल्म उजेडावर लावली आणि चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं.

"ऑपरेशन कधी झालं?"

"कुणाचं?"

"तुमचं. हृदयाचं."

फिल्मवर छातीच्या बरोब्बर मधून चकचकीत टाक्यांची रांग गेली होती, खालचा एक जरासा तिरका. बाईंनी सांगितलं, "हृदयाच्या ऑपरेशनला छातीचं हाड कापतात आणि मग तारेने शिवतात. या त्या तारा. अर्जात तुम्ही लिहिलंय, कुठलंही ऑपरेशन नाही. माहिती लपवणं गुन्हा आहे!"

"मॅडम, शपथ सांगतो, माझं साधं गळूसुद्धा कापलेलं नाही!" त्याने शर्ट वर केला. त्या दिवशी उकाड्यामुळे आत बनियनच नव्हता. बाईंनी भिंगातून पाहिलं. छाती साफ!

"व्रण छान घालवलाय," त्या म्हणाल्या. "कुठे केलंत?"

बाईंनी हृदयाच्या मोठ्या डॉक्टरांचा दाखला आणायला सांगितला आणि संगणकात शेरा टाकला. तो शेरा तिकडे बायकोलाही गेला, कारण अर्जात बोलावणारी म्हणून तिचंच नाव होतं ना! तो घरी पोचायच्या आत फोन वाजला.

"तुझं हृदय उघडलं होतं, आणि मला सांगितलं नाहीस?" ती रडत होती. "मी रोज माणसांना चालायला शिकवते रे. तुला काय मी सांभाळलं नसतं?"

"अगं, नाही उघडलं!"

"तारा दिसतायत!"

आता तिच्या रडण्याने याच्याच मनात पाल चुकचुकली. त्याने आईला गाठलं. "आई, खरं सांग. लहानपणी माझं काही केलं होतं का?"

आईने कपाळाला हात लावला. "तुझे कान टोचले तर तू तीन घरं पलीकडे ऐकू जाईल असा रडलास! छाती उघडली असती तर मला कळलं नसतं?" मग तीच संशयाने त्याच्याकडे बघायला लागली. "तू मला न सांगता कुठे जाऊन आलास का रे?"

संध्याकाळी सासूबाईंचा फोन. "जावईबापू, आम्ही पोरगी दिली ती निर्व्यसनी आणि निरोगी मुलगा म्हणून. निर्व्यसनीचं तरी खरं आहे ना?"

दुसऱ्या दिवशी शेजारपाजारचे समाचाराला आले. त्याला कोणी स्टूल उचलू देईना. चहावाल्याने आपणहून साखर बंद केली! आणि खरं सांगायचं तर त्यालाही जिना चढताना डावीकडे काहीतरी वाटायला लागलं होतं.

हृदयाच्या डॉक्टरांनी त्याला यंत्राच्या फिरत्या पट्ट्यावर पळवलं, वायरी लावल्या, नवा एक्स-रे काढला. आणि हसून पाठीवर थाप मारली. "घोड्याचं हृदय आहे! तारबिर काही नाही."

तो उड्या मारतच डॉक्टरीणबाईंकडे गेला. बाईंनी दोन्ही फिल्म शेजारी शेजारी लावल्या.

"तारा कुठे गेल्या?"

"बऱ्या झाल्या!" तो आनंदाने म्हणाला.

"तारा बऱ्या होत नसतात! या दोन छात्या दोन माणसांच्या आहेत. तुमच्या जागी कोणाला उभं केलंत?" बाईंचा आवाज चढला. "उद्या संध्याकाळी मी अहवाल पाठवणार. तोवर खुलासा आणा, नाहीतर तोतयागिरी असं लिहीन. मग जन्मात व्हिसा नाही!"

आतापर्यंत तो आजारी तरी होता, आता चोर झाला! बायकोला फोन लावून सगळं सांगितलं. ती हळूच म्हणाली, "हे बघ, मी रागावणार नाही. फक्त खरं सांग. यातली तुझी छाती कुठली?"

तिच्या मागे ती खुर्ची दिसत होती. कपडे काढलेली, रिकामी. त्याला एकदम भडभडून आलं. अर्ध्या गावाला परदेशी पाठवलं आणि आपल्याला आपल्या बायकोजवळ जाता येईना! त्याने फोन ठेवला आणि दुकान उघडून बसला. करणार काय?

गिऱ्हाईक आलं. मशिनची काच मळली होती. त्याने खालचं फडकं उचललं, डोळे पुसले, मग त्याच फडक्याने काच पुसली.

खर्रर्र!

"कोणी ठेवलं रे हे!" तो ओरडला. ठेवलं त्यानेच होतं. फडकं म्हणजे तोच फाटका बनियन! काचेवर लांब ओरखडा आणि बनियनवर पिनांची रांग. गळ्यापासून पोटापर्यंत. सरळ.

तो पिनांकडे बघत राहिला. गिऱ्हाईक त्याच्याकडे बघत राहिलं. मग त्याने बनियन काचेवर नीट पसरला, झाकण लावलं आणि बटण दाबलं. कागद बाहेर आला. त्यावर चकचकीत नसले तरी तेच टाके, तशाच रांगेत, खालचा एक जरासा तिरका!

"माझी छाती!" तो किंचाळला आणि कागद घेऊन पळत सुटला. गिऱ्हाईक बिचारं आपलं रेशनकार्ड छातीशी धरून भिंतीला चिकटलं होतं.

डॉक्टरीणबाईंनी कागद पाहिला, फिल्म पाहिली, पुन्हा कागद पाहिला.

"हे काय आहे?"

"बनियन, मॅडम. स्टेपल केलेला. हा त्याचा झेरॉक्स."

बाईंनी कागद परत केला. "झेरॉक्स चालणार नाही. मूळ घेऊन या."

जन्मभर हे वाक्य त्याने दुसऱ्यांना ऐकवलं होतं! तो तसाच मागे पळाला, मूळ बनियन घेऊन आला. बनियन शाईने काळा झालेला, त्याला फिनेलचा वास. बाई म्हणाल्या, "घाला."

"हा?"

"अहवाल पाठवायचाय की नाही?"

घातला बापड्याने. तिसरा एक्स-रे निघाला. छातीच्या बरोब्बर मधून टाक्यांची रांग! एक्स-रेवाला खुर्चीत बसून पोट धरून हसायला लागला. डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत, पण लिहिताना त्यांनी रुमाल तोंडाला लावला होता. त्यांनी लिहिलं, "सदर टाके बनियनचे असून रुग्णाचे नाहीत. दोन्ही छात्या एकाच इसमाच्या आहेत."

त्याने तो शेरा फोनवर बायकोला वाचून दाखवला. ती इतकी हसली की तिला उचकी लागली. उचकी थांबल्यावर मात्र तिने चांगलं झापलं. "लोकं कपडे शिवतात रे! माझा जीव गेला असता तुझ्या पिनांपायी. इकडे यायचं तर सुई-दोऱ्याने यायचं, कळलं?"

"कळलं," तो म्हणाला.

व्हिसा आला! येताना पुन्हा एकदा साहेबांची बदली झालीच, पण आला. निघायच्या दिवशी आईने त्याचा एकेक कपडा हाताने शिवून दिला आणि दारात उभं करून त्याच्या अंगावरून फ्रिजवरचं लोहचुंबक फिरवलं. कुठे काही चिकटलं नाही, तेव्हा कुठे त्याला पाया पडू दिलं.

विमानातून उतरला, लांबलचक रांगेतून बाहेर आला, तर समोर ती! जाड लोकरी कोट घातलेली, नाक लाल झालेली. त्याने बॅगा तिथेच टाकल्या आणि मागचा-पुढचा विचार न करता तिला घट्ट मिठी मारली.

"आई गं!"

तो दोन पावलं मागे उडाला. हनुवटीखाली, छातीवर, पोटावर, चार-पाच ठिकाणी एकदम टोचलं होतं! त्याने तिच्या कोटाकडे पाहिलं. गळ्यापासून खाली बटणपट्टीवर पिनांची सरळ रांग चमकत होती.

ती कानापर्यंत लाल झाली. "निघताना पट्टी उसवली रे. विमानाची वेळ झाली होती, दोरा कुठे ओवत बसू? पर्समध्ये तुझा लाल स्टेपलर होता..." मग एकदम फणकारली. "आणि मी बरोबर मारल्यात! टोकं बाहेर, पाठ आत. तूच शिकवलंस ना!"

त्याने हनुवटी चोळली. खरंच होतं. नियम त्याचाच होता. टोकं बाहेर ठेवली की घालणाऱ्याला टोचत नाही. पण तो नियम एकट्या माणसाचा होता, आणि समोरून कोणी मिठी मारायला येईल हे नियम करताना त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं.

"चुकलंच," तो म्हणाला. "आण तो कोट इकडे."

मग तो तिथेच बॅगेवर बसला आणि नखाने एकेक पीन उपटायला लागला. ती शेजारी कुडकुडत उभी राहिली. सगळ्या पिना निघाल्यावर दोघांच्या लक्षात आलं की सुई-दोरा दोघांपैकी कोणाकडेच नाही!